हत्तीच्या पोटातल्या रेघा

मे महिन्यात परभणीला जाते म्हटल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "लोक थंड हवेला जातात, तू भट्टीत चाललीस," म्हणाली. तिचं खरंच होतं. पण शकूच्या धाकट्या बहिणीचं, कमलचं लग्न होतं, आणि शकू म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला दोन वर्षं माझ्या शेजारी बसून माझाच रबर वापरलेली मैत्रीण. तिला नाही कसं म्हणणार? ही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. मी तेव्हा साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकलेची बाई होते.

जायला आणखी एक कारण होतं, ते आईला सांगितलं नाही. मला मुलांना चित्रं शिकवणारी जुनी पुस्तकं जमवायचा नाद आहे. तुम्हीही पाहिली असतील. आडवी, पातळ, पिवळ्या पडलेल्या कागदाची. एका पानावर एकच प्राणी, पाच पायऱ्यांत. पहिल्या पायरीला नुसता लंबगोल, दुसऱ्या पायरीला त्यावर एक उभी आणि एक आडवी तुटक रेघ, मग चार खांब, मग सुपासारखे कान आणि पाचवीला एकदम डोळे मिचकावणारा हत्ती. चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये नेमकं काय घडतं, हे मला लहानपणी कळलं नाही आणि शिक्षिका झाल्यावरही कळलेलं नाही. अशी पुस्तकं मोठ्या शहरात मिळत नाहीत. तिथली रद्दी फार लवकर हलते. लहान गावांच्या रद्दीत ती वर्षानुवर्षं पडून असतात.

तेव्हा मनमाडला गाडी बदलावी लागे. पुढचे रूळ अरुंद, डबे बुटके आणि वेग असा की खिडकीतून शेतातल्या माणसाशी अर्धं बोलणं उरकावं. आता मोठे रूळ झालेत, थेट गाड्या आहेत, त्यामुळे आजच्या प्रवाशांनी घाबरू नये. पाणी मात्र तेव्हाही जवळ ठेवावं लागे आणि आताही ठेवा. जालना सोडल्यावर जमीन सपाट आणि काळी होत गेली. डोंगर संपले, तशी माझी दिशांची समजही संपली. साताऱ्यात वाट चुकली तर मी किल्ल्याकडे बघते. इथं बघायचं कशाकडे?

परभणीला उतरले तेव्हा सकाळ होती आणि तरीही चटके बसत होते. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात पोऱ्यानं विचारलं, "सुशीला देऊ का?" मी गोंधळून मागे पाहिलं. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली झणझणीत फोडणी, वर शेव आणि लिंबू. परभणीला गेलात तर चुकवू नका. बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे गाईडांच्या ढिगाखाली मला माझं घबाड सापडलं: चित्रं शिकायचं एक जुनं पुस्तक, वेष्टन फाटलेलं, पण आतली पानं सगळी शाबूत. दुकानदारानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "लेकरासाठी घ्यायलात का? लेकराला नवं घ्या की, बाई." मला लेकरू नाही हे सांगून मी त्याचा आणखी गोंधळ वाढवला नाही.

शकूच्या गावाला जायला ताडकळसला उतरावं लागे. तिकडची एसटी खच्चून भरलेली होती. वाटेतल्या भिंतींवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या. एका भिंतीवर 'झालेच पाहिजे', दुसरीवर नेमकं उलट आणि तिसरीवर चुना मारलेला, पण चुन्याखालून अक्षरं अजून वाचता येत होती. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना मी विचारलं, इकडे वातावरण कसं आहे? त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं हाय की." आडनाव वेगळं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं का, याचा विचार करत मी उतरले.

ताडकळसला शकू बैलगाडी घेऊन आली होती. तिचं गाव तिथून आत, कच्च्या रस्त्यानं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे वाचाल तर कळेल. गावात शिरताना आधी बौद्ध वस्ती लागते. तिथल्या पहिल्याच घराच्या भिंतीवर गेरूनं काढलेला भलामोठा हत्ती होता आणि तो पाहून मी गाडीतून उडीच मारली. हत्तीच्या पोटात तुटक रेघांचा लंबगोल होता. लंबगोलावर उभी-आडवी फुली. सोंडेजवळ, पायाजवळ, कानाजवळ एक, दोन, तीन, चार, पाच असे आकडे. अहो, पुस्तकातल्या पाचही पायऱ्या एकाच हत्तीवर! मदतरेषा पुसायच्याच राहिल्या होत्या.

दारातल्या बाईला विचारलं, हे आकडे कशाचे?

"पंचशील," ती म्हणाली.

शकूच्या वाड्याशेजारच्या घरावरही तसाच हत्ती. तिथल्या काकू म्हणाल्या, "पाच सवाष्णी. आन् ती फुली नजर लागू नये म्हनून." तिसऱ्या घरातल्या आजोबांनी लंबगोल म्हणजे पृथ्वी असल्याचं ठासून सांगितलं. माझं डोकं गरगरलं, त्यात उन्हाचाही वाटा असेल.

"सगळे भुजंगमामानं काढलेत," शकू वैतागून म्हणाली. "लग्न असलं की हत्ती तोच काढतो, वस्तीत आन् गावात दोन्हीकडं. आन् रेघा पुसत न्हाई. माझ्या लग्नात सासरचे हसले होते, तुमच्याकडं हत्तीची चिरफाड करतात का म्हणून. ह्या वेळी तू सांग त्याला. तू बाहेरची, तुझं ऐकंल."

भुजंगमामा बौद्ध वस्तीतले. साठी ओलांडलेले, सडपातळ, बाभळीची काडी ठेचून केलेला कुंचला कानावर. शकूचे वडील नाना यांच्या ओसरीसमोर ते भिंतीला चुना देऊन वाळायची वाट बघत बसले होते. नानांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात जे सांगितलं, त्यानं मी आणखीच गोंधळले. नामांतरावरून दंगली उसळल्या, त्यानंतर गावानं भुजंगमामांना हत्तीसाठी बोलावणं बंद केलं होतं. त्यांनीही इकडे पाऊल टाकलं नव्हतं. काही लग्नं बिनहत्तीची झाली. मग शकूच्या लग्नाला नाना स्वतः वस्तीत जाऊन त्यांना घेऊन आले. "आता त्याच्या कामाला नाव ठेवलं," नाना म्हणाले, "तर गाव म्हणंल, पुन्हा तेच सुरू झालं. तो बी तसंच समजंल. राहू द्या, बाई."

म्हणजे बोलायचं रेघांबद्दल आणि ऐकलं जाणार भलतंच. मी ठरवलं, गप्प बसायचं. पाहुण्यानं लग्नात जेवावं आणि अक्षता टाकाव्यात.

पण माझ्या पिशवीतून ते पुस्तक डोकावत होतं. भुजंगमामांची नजर त्यावर गेली आणि ते ताडकन उठले. त्यांनी स्वतःच्या थैलीतून कापडात गुंडाळलेली पानं काढली. तेच पुस्तक होतं. पण फक्त मधली चित्रांची पानं, कडा झिजून गोल झालेल्या.

"ह्याला म्होरचं पान हाय?" त्यांनी विचारलं. "मला सापडलं तवा म्होरचं नव्हतं. काय लिव्हलं आसंल, सारखं मनात यायचं. मला बारीक दिसंना आता. तुमी वाचा की."

मी नानांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली, वाचू नका म्हणून. शकूनं डोळे मोठे केले, वाच म्हणून. आणि समोर हा माणूस, जो गेली कित्येक वर्षं त्या पानाची वाट बघत होता. मला काय करावं ते कळेना. खोटं वाचावं असंही एकदा मनात आलं. पण त्यांनी विचारलं होतं, आणि पान त्यांच्याच पुस्तकाचं होतं. मी वाचलं. मुलांनो, पेन्सिल हलक्या हाताने धरा, वगैरे. आणि शेवटी: चित्र पूर्ण झाल्यावर मदतरेषा व आकडे रबराने पुसून टाका.

भुजंगमामांनी आपल्या पानांवरच्या तुटक रेघांवरून बोट फिरवलं.

"पुसायच्या व्हत्या," ते म्हणाले, "तर काढा म्हणून कामून सांगितलं?"

वर्गात मुलांनी हाच प्रश्न विचारला की माझ्याकडे तयार उत्तर असतं. मी म्हणाले, "आधारासाठी, मामा. हत्ती उभा राहिला की आधार काढून घ्यायचा."

"आस्सं," ते म्हणाले आणि कामाला लागले. चुन्याच्या भिंतीवर गेरूचे दोन हत्ती उभे राहिले, दाराच्या दोन बाजूंना. झूल निळीची, गोंडे पिवडीचे. पोटात एक रेघ नाही, कुठे आकडा नाही. शकू खूष झाली. हत्ती सुरेख होते, खोटं कशाला बोलू. पण मला ते एखाद्या दुकानाच्या पाटीवरच्या हत्तीसारखे दिसले, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला. आयुष्यभर रेघा पुसायला शिकवणारी बाई मी, मला आता त्या का हव्या होत्या?

त्या गावची रीत अशी की हळद लागली की नवरीनं बाहेर येऊन हत्तीच्या पायाशी हळदीच्या हाताचा ठसा उमटवायचा. मग बाकीचं. कमल बायकांच्या घोळक्यात बाहेर आली, पिवळीधमक. भिंतीसमोर उभी राहिली आणि हात तसाच वर धरून थांबली.

"मामा, रेघा कुठं गेल्या?"

"चुकीच्या व्हत्या, पोरी. पुस्तकात तसं हाय. बाईंनी वाचून दाखवलं."

सगळ्या माझ्याकडे वळून बघायला लागल्या. त्या क्षणी मला साताऱ्याची फार आठवण आली.

"तायडीच्या लग्नात व्हत्या," कमल म्हणाली. "त्याच्या आधी दोन साल मामा आलेच न्हाईत. आता आले तर रेघा न्हाईत. का, नाना? कुणाच्या डोळ्यात सलायल्यात?" तिनं हात मागे घेतला. "रेघा येत न्हाईत तवर मी ठसा लावणार न्हाई."

बायकांत कुजबुज सुरू झाली. शकू म्हणाली, "येडी झालीस का? इथं कुणाच्या मनात तसलं काही न्हाई." आणि ते खरं होतं, निदान शकूपुरतं. कमल म्हणत होती तेही खोटं नव्हतं. मी आलटून पालटून दोघींकडे बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, वऱ्हाड ताडकळसला पोचलंय.

शेवटी नाना पायरी उतरून खाली आले. ज्यांना स्वतः जाऊन आणलं होतं, त्या माणसासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काढ बाबा रेघा. माझ्या दारात तुझ्या रेघा पायजेत."

भुजंगमामांनी कुंचला गेरूत बुडवला, भिंतीजवळ नेला आणि खाली आणला. पुन्हा नेला.

"हात चालंना, नाना," ते म्हणाले. "आता ठावं झालंय ना. ठावं न्हवतं तवा काढत व्हतो."

मला रडू आलं. कुणी मला दोष दिला नाही, आणि खरं सांगायचं तर दोष माझा होता असं मला आजही वाटत नाही. विचारलं ते वाचलं. तरीही त्या माणसाच्या हातातून काहीतरी गेलं, आणि ते माझ्या तोंडून गेलं.

मग कमलच पुढे झाली. हळदीनं माखलेल्या बोटानं तिनं डावीकडच्या हत्तीच्या पोटात एक वाकडा लंबगोल काढला. त्यावर फुली. मग उजवीकडच्या. दुसरा लंबगोल इतका मोठा झाला की हत्तीच्या पाठीबाहेर गेला. आकडे काढताना तिनं चार दोनदा लिहिला. मग दोन्ही हात भिंतीवर दाबले आणि आत पळाली. वऱ्हाड आलं, लग्न लागलं. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, सगळं यथासांग झालं. नवऱ्याकडच्या एकानं रेघा कशाच्या असं विचारलं, तेव्हा काकूंनी त्याला पाच सवाष्णींचं सांगितलं.

निघताना मी माझं पुस्तक भुजंगमामांना देऊ केलं. त्यांनी पहिलं पान पुन्हा एकदा डोळ्यांजवळ धरलं, तेवढंच अलगद सोडवून घेतलं आणि बाकीचं मला परत दिलं. "मधलं हाय माझ्याकडं," म्हणाले.

तिकडे जायचंच असेल तर थंडीत जा. कपाशी फुटलेली असते आणि ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. परतीच्या गाडीत मी सारखा एकच हिशोब घालत होते, मी बरोबर वागले की चुकले, आणि तो मनमाडपर्यंत सुटला नाही. शाळा सुरू झाली. सहावीला हत्ती शिकवला. "आता मदतरेषा पुसा," असं म्हणायची वेळ आली आणि मी खडू खाली ठेवला. मुलं रबर हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हटलं, ज्यांना पुसायच्या असतील त्यांनी पुसा. त्यावरून मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, ते वेगळंच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शकू भेटली. म्हणाली, भुजंगमामांच्या नातीचं लग्न ठरलं. मामांनी स्वतःच्या दारावर हत्ती काढला, बिनरेघांचा, आणि हळदीची वाटी नातीच्या हातात दिली. नात गोंधळली. "आजा, ह्या रेघा तर चुकीच्या हाईत म्हणं ना?"

"माझ्या चुकीच्या व्हत्या," मामा म्हणाले. "तुझ्या न्हाईत. काढ."