चिनी मातीची फौज, मुक्काम हूरा

बहरैनचे किस्से ओल्या शाडूसारखे. एक उचलावा तर दुसरा चिकटून येतो!

शुक्रवारची सुट्टी होती. हूऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी बायको सुधा मटकी निवडत बसली होती. एवढ्यात शेजारचे जोशी अकाउंटंट पेपर नाचवत आले.

"वहिनी, चीनमध्ये बादशहाच्या थडग्यापाशी अख्खी फौज सापडली! मातीची! प्रत्येकाचा चेहरा वेगळा!"

"चिनी मातीची? मग फुटली कशी नाही?"

"चिनी माती वेगळी, चीनची माती वेगळी."

"म्हणजे चीनची माती चिनी नसते?"

जोशींनी चहाचा घोट घेतला. कप चिनी मातीचाच होता!

*

सुधा पेणची. माती म्हटली की तिचे हात शिवशिवायचे. "यंदा गणपतीपुढे हीच फौज!" तिनं जाहीर केलं.

आमच्या कंपनीचा ड्रायव्हर गंगाराम रजेवरून येताना पिशवीभर शाडू घेऊन आला. कस्टमवाल्यानं अडवलं.

"शू हादा?"

"मिट्टी, साब."

"बहरैन में मिट्टी मफी?"

"है साब, पर उसका नाक नहीं बनता!"

कस्टमवाल्यानं स्वतःचं नाक चाचपलं आणि हातानं जायची खूण केली, "यल्ला, यल्ला!"

*

वीतभर उंचीचे सैनिक, चेहरे मात्र आमच्या मंडळींचे! जोशी हळूच म्हणाले, "वहिनी, टक्कल जरा कमी दाखवा."

"चिनी सैनिकाला अंबाडा असतो, भावजी."

तेव्हापासून जोशी रोज स्वतःला बघायला येऊ लागले.

गंगाराम आपला सैनिक निरखत म्हणाला, "वैनीनू, माजा नाक असा आसा?"

"छे रे," जोशी म्हणाले, "वहिनींनी मोठ्या मनानं लहान केलंय!"

*

आरतीला जोशींच्या मुलीनं विचारलं, "बाबा, हे कोणाला गार्ड करतायत?"

"चीनच्या बादशहाला."

"बट ही इज डेड!"

"ड्यूटी म्हणजे ड्यूटी. मॅनेजर लीव्हवर गेला तरी आम्ही ऑफिसात बसतोच ना?"

*

माझा सैनिक सगळ्यात शेवटी केला. "तुम्ही कुठं पळताय? रोज समोरच असता," सुधा म्हणायची. डोळे झाले, मिशी झाली आणि माती संपली!

"वैनीनू, सायबांचा नाक खंय गेला?" गंगारामनं सगळ्यांसमोर विचारलं.

"लग्न झाल्यावर कशाला हवंय त्यांना?"

खोली हसून हसून लोळली. मी सोडून!

विसर्जनाला सगळी फौज गणपतीबरोबर समुद्रात गेली. माझा सैनिक तेवढा सुधानं मागे ठेवला. "अर्धवट माणूस बुडवू नये. गंगाराम माती आणेल, तेव्हा पुरा करते."

पुढच्या रजेवरून गंगारामनं आठवणीनं शाडू आणला. या खेपेला कस्टमवाल्यानं पिशवी उघडलीच नाही. नुसता स्वतःच्या नाकाला हात लावला आणि त्याला सोडून दिलं. हे सांगायला गंगाराम हसतच जिना चढून आला. सुधा गेल्याची बातमी त्याला गावी कोणी कळवली नव्हती. दार मी उघडलं. त्यानं पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि पायातल्या चपला काढल्या.

सैनिक अजून माझ्याकडे आहे. त्याचं नाक करायचं राहिलं.