अक्काच्या वजनाची नळी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या सायकलीच्या फ्रेमची नळी कानशीनं घासत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो बोलला. फोन ठेवून मी ती नळी पूर्ण घासली... हातातलं काम संपेपर्यंत तरी ते खरं होणार नाही, असं काहीतरी डोक्यात असावं. मग शटर ओढून शिंदखेड्याला निघालो.

अक्का माझी मोठी चुलत बहीण. कापूस पिकवणाऱ्या घरातली, अंगानं भरलेली आणि आवाजानं त्याहून. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर ही पन्नाशीत सायकल शिकली आणि धुळ्याला माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. मी माणसाच्या मापानं सायकलीच्या फ्रेम बनवतो. जड माणसाला जाड पत्र्याची नळी, हलक्याला पातळ. हलक्याला जाड दिली तर ती लवत नाही, रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीत येतो. हे ऐकून अक्का खदखदा हसली. "मन्हा वजनले नळी काय पुरी? वासा लाव, वासा!" नळ्या उचलून तोलायचा नाद तिला तेव्हापासून लागला. रविवारी ती सोनगीरपर्यंत सायकल हाणत यायची, मी धुळ्याहून जायचो, आणि चहा पिताना मी सांगेन त्या गिऱ्हाइकांची वजनं ती अंदाजानं काढत बसायची.

मग दुखणं आलं. अंगावरचं मांस बघता बघता उतरलं. उपचार संपवून ती दुकानात आली तेव्हा पायरी चढताना तिनं माझा खांदा धरला, आणि त्या हाताला वजनच नव्हतं... "जुनी सायकल झटका देस रे. नवी कर," म्हणाली. मी टेबलावर पहिल्यासारख्याच जाड नळ्या मांडल्या. अंग परत भरेल, तेव्हा याच लागतील, असं मोठ्या उत्साहानं बोललो. पातळ नळी काढायची म्हणजे तू आता एवढीच उरलीस, हे तिच्या तोंडावर सांगणं. माझ्याच्यानं ते होईना.

अक्कानं एक नळी तळहातावर तोलली आणि खाली ठेवली. उठून स्वतः रॅकपाशी गेली, चाचपत चाचपत सगळ्यात पातळ नळ्या काढल्या. "आते जितली शे तितलीनं माप ले, भाऊ." माझी मान खाली गेली, तशी टेबलावरच्या जाड नळ्यांकडे बोट करून हसली. "रडस काब्र? जाडी व्हसू तवय त्या लावजो."

सायकल झाली. गावातल्या गावात, काही सकाळी, तिनं ती चालवली. फोनवर म्हणाली, "पाठले काहीच समजत नही." तेवढं समाधान तिनं मला दिलं.

तरी मन ऐकत नाही. पातळ नळी कापली तेव्हाच मी तिचं जाणं कबूल करून बसलो, असं वाटत राहतं. जाड नळीनं कुणी जगत नाही, हे न कळायला मी काय खुळा आहे? पण दुपारी महामार्गावरून अवजड ट्रक गेला की रॅकमधल्या नळ्या थरथरतात आणि मी दचकून मागे बघतो. अक्का चाचपत असेल... खरंच वाटतं. स्वतःच्या दुकानात एकट्यानं बसायची मला भीती वाटायला लागली आहे.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. अंगानं अक्कासारख्याच, पहिल्या अक्कासारख्या. टेबलावर अजून तशाच पडलेल्या जाड नळ्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ह्या मला चालतील ना?" अगदी तंतोतंत चालल्या असत्या.

"नाही हो," मी म्हणालो. "त्या माझ्या बहिणीनं सांगून ठेवल्यात. जराशी जाड झाली की येणार आहे ती."