समोरचं पाणी कुणाचं?

रविवारी हॅमिल्टनहून कायआउआच्या किनाऱ्याकडे निघालो होतो. आठ वर्षांची लेक मागच्या सीटवर फोनमधला नकाशा बघत होती. समुद्राच्या निळ्या पट्ट्यावर ‘फर्थ ऑफ थेम्स’ लिहिलेलं तिने वाचलं आणि विचारलं, “बाबा, हू वॉज फर्थ?”

मला ठाऊक नव्हतं, पण तसं सांगणं जिवावर आलं. “असेल कुणीतरी साहेब,” मी ठोकून दिलं. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

कायआउआला फिश अँड चिप्स घेऊन आम्ही बाकावर बसलो. शेजारी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. लेकीने त्यांना लगेच सांगून टाकलं, की समोरचं पाणी फर्थ नावाच्या माणसाचं आहे. मी समुद्राकडे बघू लागलो.

ते हसले नाहीत. “मी मूळचा स्कॉटलंडचा,” ते इंग्रजीत म्हणाले. “समुद्र जमिनीत लांबवर शिरला, की त्या पाण्याला आम्ही फर्थ म्हणतो. नॉर्वेकडच्या दर्यावर्दींनी फार पूर्वी हा शब्द आमच्याकडे आणला. त्यांच्याकडे त्याचाच फ्योर्ड झाला.”

“लाइक फियोर्डलँड?” लेकीने विचारलं. इथल्या दक्षिण टोकाचा तो भाग तिला ठाऊक होता.

“तोच. मूळ एकच.”

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे काय म्हणतात?”

“खाडी,” मी म्हणालो. ठाण्याला खाडीकाठी लहानाचा मोठा झालो आणि हे मला सुचू नये, याची जरा लाजच वाटली. “माझं चुकलं गं,” मी लेकीला म्हटलं. “उगाच काहीतरी सांगितलं.”

तिचं लक्षच नव्हतं. गृहस्थ “काडी, काडी” म्हणत होते. घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी तोंडासमोर तळहात धरून म्हणाली, “काडी नाही. ख. खाडी. हवा लागली पाहिजे.”

त्यांना शब्द कळले नाहीत, पण हात कळला. त्यांनी घशातून खरखरीत ‘ख’ काढला. त्यांच्याकडे तळ्याला लॉख म्हणतात, त्यातला. मग तो त्यांनी लेकीला शिकवायला घेतला. दोघं बराच वेळ समुद्राकडे तोंड करून खाकरत बसले. तेवढ्यात एका सीगलने माझा मासा उचलला. बायकोने ते पाहिलं, पण हसू आवरेना म्हणून तिला मला सांगताच आलं नाही.