गोफणीचा हात

हातगाडीवरच्या पिकल्या द्राक्षांचा गोड-आंबूस वास आला की मला दिंडोरीजवळच्या आमच्या बागेतली एक सकाळ आठवते. आई गॅसपाशी चहा गाळत होती आणि तिच्या डाव्या गालावर निळसर डाग उमटला होता. वडिलांनी काय झालं म्हणून विचारलं, तशी ती हसली. "अहो, झोपेत गोफण फिरवीत होता तुम्ही. द्राक्षांवरची पाखरं सोडून मलाच हाणलं की!" त्या महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं. जागेपणी आईवर कधी आवाजही न चढवलेले वडील मान खाली घालून उठले आणि आपली गादी गुंडाळून ओट्यावर नेऊ लागले. "आजपासून मी भायेर झोपणार. माझा भरवसा नाय." आईने गादीचं दुसरं टोक धरलं. "गोफण उजव्या हातानंच फिरवता ना? मग मी डावीकडं झोपते. त्यात काय लय मोठं!" दोघं गादी ओढत राहिले, शेवटी वडिलांनाच हसू फुटलं आणि गादी पुन्हा आत गेली. काही वर्षांनी त्यांचा हात जागेपणीही थरथरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी आधी झोपेचंच विचारलं. कंपवाताची चाहूल अशी झोपेतून लागू शकते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. वडील मागच्या हिवाळ्यात गेले. आपल्याला आधी कळायला हवं होतं, असं बरेच दिवस मनात सलत होतं. आता वाटतं, त्या सकाळी ते ओट्यावर गेले असते तर पुढची सगळी वर्षं एकटेच झोपले असते. आईने तेवढं होऊ दिलं नाही.