कानबाईचे गहू आणि शनिवारचा रस्ता

श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ असे मोजून घेतात, मांडीवरच्या तान्ह्यापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत. बायकांची मूठ नसते, मोजायचं आणि दळायचं काम तेवढं आमचं. यावरून मी लग्न होऊन आल्यापासून कुरकुर करत आले आहे. गेल्या वर्षी मात्र गव्हाच्या सुपापुढे मी ती कुरकुर विसरले. समोरच्या घरातली माझी चुलतजाऊ गहू मोजत होती. तिनं नवऱ्याची मूठ सुपात टाकली, सवयीनं पोराचीही टाकली, मग थांबली, आणि ती मूठ उचलून परत पोत्यात सोडली. 

तिचा पोरगा त्याच्या आदल्या वर्षी रस्त्यावर मेला. जळगावात आमच्या कॉलनीमागून एमआयडीसीकडे जाणारा काँक्रीटचा रुंद रस्ता आहे. शनिवारी दिवेलागणीला पोरं तो ताब्यात घेतात. दोन्ही टोकांना गाड्या आडव्या लावल्या की डाळ मिलचा ट्रक असो की दवाखान्यात निघालेली रिक्षा, सगळ्यांनी उभं राहायचं. मधल्या मोकळ्या जागेत मोटारसायकली गरागरा फिरवायच्या, पुढचं चाक उचलायचं, सायलेन्सरमधून बार काढायचे, आणि बाकीच्यांनी ते मोबाईलवर टिपायचं. अशाच एका शनिवारी तो घसरून दुभाजकावर आदळला. अॅम्ब्युलन्स आली, तर तिलाही त्या आडव्या गाड्यांनी अडवून धरलं. त्याच्या मागच्याच गाडीवर माझा पोरगा होता. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले.

मला वाटलं, आता तरी हे थांबेल. तो गेला त्या साली सुतकामुळे आमच्या भाऊबंदकीत रोट झाले नाहीत, शनिवार मात्र लवकरच परत भरायला लागले. गेलेल्याचा फोटो पेट्रोलच्या टाकीवर चिकटवून पोरं फिरायला लागली. माझाही त्यात. मी त्याला रडून सांगितलं, जेवण बंद केलं, किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. त्यानं शांतपणे पीठ चाळलं आणि किल्ली घेऊन गेला. इतर कामांत तेवढा शांतपणा दाखवला असता तर आज कुठे नोकरीला असता.

परत सोडलेली ती मूठ बघितल्यावर मला घरात बसवेना. मीच मागे लागून मारुतीच्या ओट्यावर कॉलनीची बैठक बोलवायला लावली. सगळे आले, कारण आवाजानं सगळ्यांचीच डोकी उठली होती. एक म्हणाला गतिरोधक घाला, एक म्हणाला पोलिसांना सांगून चामडी सोलून काढा. आमच्यातले वयानं मोठे आबा हळूच म्हणाले, की पोरांना खेळायला ठेवलेल्या जागेवर आपणच मंगल कार्यालय होऊ दिलं, मग ती जातील कुठं? ते कोणाला आवडलं नाही. आणि मग जो तो एकच सांगायला लागला.

"त्या बठ्ठा बाहेरना पोरे शेतस. आमना पोऱ्या तसा नही शे."

माझ्या अंगाची आग झाली. ओट्यावर बसलेल्या निम्म्या घरांच्या गाड्या मी गच्चीवरून ओळखत होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, बाहेरची पोरं शोधू नका. प्रत्येक घरानं आपल्या स्वतःच्या गाडीचा नंबर पोलिसांना द्यायचा, सगळ्यांनी एकाच दिवशी. सगळ्या गाड्या जमा झाल्या तर रस्त्यावर फिरवणार काय? पहिला नंबर माझ्या घरचा घ्या.

जणू मी कोणाच्या तरी घरचं झाकलेलं बोलले होते. मग कोणीतरी चहाचं विचारलं आणि माणसं चपला शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी ठाण्यात गेले. तिथला हवालदार तीनतीनदा विचारत होता, "ताई, स्वतःच्याच पोराची तक्रार?" मी हो म्हणाले. संध्याकाळी गाडी उचलून नेली. नवरा डाळ मिलमधून आला, दारातली रिकामी जागा बघितली आणि न जेवता झोपला. भाऊबंदांनी माझं नाव टाकलं. एकीनं तोंडावर विचारलं, "सोताना पोऱ्याले पकडी दिधं, तू माय शे का कोण शे?" 

मी पकडून दिलं ते वाचवायला. पण बाकी कोणीच नंबर दिला नाही, म्हणून रस्त्यावर एकच गाडी कमी झाली. आणि माझा पोरगा दुसऱ्याच्या गाडीवर मागे उभा राहायला लागला, दोन्ही हात सोडून. आधी निदान ब्रेक त्याच्या पायाखाली होता. माझ्याशी तो बोलेनासा झाला. मी गच्चीवरून बघत राहते. आठवडाभर ज्याला कोणी काय करतोस म्हणून विचारत नाही, त्याच्याकडे तिथं सगळे मोबाईल वळलेले असतात. मला त्याचा राग येतो, आणि त्याची कीवही येते.

यंदा गहू मोजायला माझ्या घरी फक्त चुलतजाऊ आली. शनिवारच होता. दिवे लागत होते आणि मागच्या रस्त्यावर बार निघायला सुरुवात झाली होती. तिनं सूप पुढ्यात ओढलं आणि विचारलं, "बोल, तुना घरना किती?"

मी दोन म्हणायच्या आत तो आतून आला, चपला घालता घालता. इतक्या महिन्यांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलला, तेही स्वतःच्याच मुठीबद्दल.

"मनी मूठ मोजू नको."

बाहेर हॉर्न वाजला. मी त्याला हाक मारली, तोवर तो कोणाच्या तरी मागे बसून गेलाही होता. चुलतजाऊनं माझ्याकडे बघितलं नाही. पोत्यात हात घालून तिनं सव्वा मूठ काढली आणि ती सुपात न टाकता माझ्या ओंजळीत दिली.

"दळ," ती म्हणाली. "आधी हाईच दळ."

रीत अशी की सगळ्यांचे गहू एकत्र करून मग दळायचे. आम्ही थांबलो नाही. एकटे त्याचे गहू जात्यात घातले आणि दोघींनी खुंटा धरला. मागच्या रस्त्यावरचा आवाज वाढत गेला तसं आम्ही जोरानं दळत गेलो. पीठ झालं की मूठ परत पोत्यात टाकता येत नाही.