थिजलेला टोन

गिटारचा स्वच्छ आवाज मुद्दाम फाडणारी जी डबी असते, तिला फझ म्हणतात. माझी मी घरीच बनवली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. शेजारच्या वाडीतल्या कपेलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या फेस्ताला, तिथल्या संताच्या सणाला, मी दरवर्षी गिटार वाजवतो. तिथलं गाण्याचं पथक एक निवृत्त मास्तर सांभाळतात. ते व्हायोलिन वाजवतात. मी तालमीला पहिल्यांदा डबा दाबला, तेव्हा त्यांनी गज खाली घेतला.

"माशी शिरली काय रे डब्यात?"

एकाच गाण्याच्या शेवटच्या कडव्याला मला तो आवाज हवा होता. बरीच घासाघीस झाल्यावर ते म्हणाले, "मऊ कर त्येका. झालो मऊ तर वाजय, नायतर घराक ठेव."

म्हणून टोन कंट्रोल. काम सोपं: एक कपॅसिटर आणि एक पॉट, म्हणजे बटणाखालचा फिरता भाग. बटण फिरवलं की आवाजाची धार कमी व्हायला हवी. इंटरनेटवरचे विद्वान कपॅसिटरच्या 'स्वभावा'वर लग्नाळू मुलाच्या बापासारखे बोलतात. त्यांच्या नादाने लावलेल्या पहिल्या कपॅसिटरने गिटार गोधडीत गुंडाळली. दुसरा बरोबर निघाला. भोक पाडताना पत्रा फाटला, बोटही. पण दुपारी अंगणात बसून वाजवलं तेव्हा बटणासरशी आवाज हवा तसा मऊ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे कपेलमधली प्रार्थना आटोपल्यावर, तालीम. बटण घट्ट, आणि कितीही फिरवलं तरी आवाज तसाच करवतीचा. घरी आणून डबा उघडला, जोडांना पुन्हा डाग दिले. दुपारी उत्तम. पुढच्या सकाळी पुन्हा करवत. वायर बदलली, बॅटरी बदलली. दुपारी उत्तम, सकाळी करवत.

"दुपारी चलता म्हणतस?" मास्तरांनी विचारलं. नळाला पाणी येतं का, असं विचारावं त्या सुरात.

"चलता."

"मगे फेस्त दुपारी ठेवया. पाद्रीक तू सांग."

फेस्ताच्या दिवशी पहाटेच उठून मी डबा पुन्हा उघडला. बायको चुलीजवळ खोबरेल तेलाची बाटली शेकवत बसली होती. आत पांढरा गोळा.

"थिजला मरे," ती म्हणाली. "थंडी बघा केवढी."

मी बाटलीकडे पाहिलं, मग पॉटकडे. त्याच्या दांड्याभोवती तसंच पांढरं काहीतरी.

"माज्या डब्याक तेल लावलंस काय गो?"

"लावलंय तर! खारो वारो, गंज नाय धरूचो? कुलपांक लावलंय, कातरेक लावलंय. तुमच्या डब्यान काय घोडा मारल्यान?"

आमच्याकडे लोखंडाची काळजी अशीच घेतात. तेल आतल्या पट्टीपर्यंत उतरलं होतं. सकाळी ते थिजे, पट्टीला संपर्क मिळत नसे आणि घट्ट झालेलं बटण नुसतंच फिरे. दुपारी वितळे आणि मी स्वतःला इंजिनियर समजे. दुसरा पॉट घरात नव्हता. डबा पेजेच्या टोपाच्या झाकणावर ठेवून गरम केला, टॉवेलात गुंडाळला आणि निघालो.

मिस्सेनंतर माडांच्या सावलीत, मांडवात कार्यक्रम होता. फलकावर पाहुण्यांचे फोटो संतापेक्षा मोठे. आमचं गाणं भाषणानंतर. डबा एव्हाना गार पडला होता. तो मांडवाच्या कडेला, उन्हाचा पट्टा येणार होता तिथे ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून लांब भाषणाची वाट पाहिली. हे पाहुणे मागे एकदा शाळेच्या घंटेच्या उद्घाटनाला पाऊण तास बोलले होते.

पाहुणे उठले. "मी आपला जास्त वेळ घेणार नाही," म्हणाले, आणि घेतला नाही.

ऊन अजून डब्यापासून हातभर लांब होतं. मी तो उचलून बटण फिरवलं. घट्ट. मास्तरांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरून भुवया उंचावल्या. मी वायर डब्यातून काढून सरळ अॅम्प्लिफायरला लावली.

शेवटचं कडवं अगदी स्वच्छ वाजलं. लोकांना आवडलं, हे त्यातलं सर्वात वाईट. दुपारी जेवणाच्या पंगतीला मास्तर शेजारी बसले, त्यांनी डबा उचलून बटण फिरवून पाहिलं.

"मऊ झालोहा की रे!" ते म्हणाले, आणि सोरपोतेल वाढायला सांगितलं.