अस्तरवाल्या मावशी

त्यांचं नाव मी विचारलंच नाही. गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांना शिकवताना मी त्यांचा उल्लेख ‘अस्तरवाल्या मावशी’ असाच करते.

मी नर्स. पाळीबद्दल शिकवायला माझ्याकडे प्लास्टिकची कडक गर्भपिशवी होती. ती बाहेर काढली की सगळ्या बायका माना खाली घालायच्या. म्हणून अक्कलकोट रोडला परकर शिवणाऱ्या या मावशींकडे मी टॉवेलच्या कापडाची गर्भपिशवी शिवायला टाकली. दातांत दोरा धरून त्यांनी माझं चित्र लांबून न्याहाळलं. खाली तोंडाला नाडी हवी म्हटल्यावर म्हणाल्या, “ते तर रोजचंच की आमचं.”

दोन दिवसांनी पाहते तर पिशवीच्या आत लाल, मऊ कापड.

“हे मी कुठं सांगितलं होतं?” मी जरा चिडलेच.

“सांगाय कशाला पायजे सिस्टर? पिशवी म्हटल्यावर अस्तर लागतंयच की. नुसतं टाचलंय. मळलं की वढून काढा, दुसरं घाला.”

मी नाडी सैल करून ओढलं. अस्तर सुळकन बाहेर आलं आणि मी दुकानातच टाळी वाजवली. “अहो मावशी, पाळी म्हणजे हेच! दिवस राहिले नाहीत की शरीर जुनं अस्तर टाकतं आणि नवीन घालतं.”

मावशींनी आजही दातांत धरलेला दोरा काढला. ते लाल कापड मांडीवर घेऊन हातानं सारखं केलं.

“एवढंच व्हय?” म्हणत त्या मशीनवर डोकं टेकून हसत सुटल्या. “आन ह्या अस्तरापायी मी जलमभर देवघराबाहेर बसले की!”